मफीबोशेथ: नावातली लाज कुणाची?

बायबलच्या जुन्या करारात शौल राजाचा एक नातू येतो. योनाथानाचा हा मुलगा दोन्ही पायांनी अधू होता. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात त्याचे नाव मफीबोशेथ आहे. मात्र इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील आठव्या आणि नवव्या अध्यायांत शौलाच्या घराण्याची वंशावळ आहे, तिथे योनाथानाच्या याच मुलाला मरीब्बआल म्हटले आहे. मराठी बायबल हाताशी असेल तर ही दोन पुस्तके शेजारी ठेवून कुणालाही हा फरक पडताळता येईल. त्याच्या चुलत्याच्या नावाचेही असेच झाले आहे. शौलानंतर महनाइम इथे दोन वर्षे राज्य करून आपल्याच सरदारांच्या हातून मारला गेलेला तो राजपुत्र शमुवेलात ईशबोशेथ आहे आणि इतिहासात एशबआल. तिसरे उदाहरण गिदोनाचे आहे. शास्ते या पुस्तकात त्याला यरुब्बआल हे दुसरे नाव मिळते, आणि २ शमुवेल ११:२१ मध्ये तेच नाव यरुब्बेशेथ असे येते.

तिन्ही ठिकाणी एका बाजूला ‘बआल’ आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘बोशेथ’ किंवा त्याचाच ‘बेशेथ’ हा उच्चारभेद. बआल म्हणजे धनी, मालक, स्वामी. नवऱ्यालाही हाच शब्द लागतो, आणि कनानी लोकांच्या पर्जन्यदेवतेचे हे प्रसिद्ध नामाभिधान आहे. बोशेथ म्हणजे लाज. एकाच माणसाच्या नावात एकदा ‘स्वामी’ आणि एकदा ‘लाज’ कशी आली, हा या विवेचनाचा प्रश्न आहे.

पुष्कळ प्रवचनांतून याचे एक सोपे उत्तर दिले जाते. मफीबोशेथ म्हणजे ‘लज्जेचा पुत्र’. तो अपंग होता, पदच्युत घराण्यातला होता, म्हणून हे नाव त्याला शोभते, आणि पुढे राजा झालेल्या दावीदाने त्याला आपल्या पंक्तीला बसवून ती लाज पुसली. ऐकायला हे हृद्य वाटते, पण भाषेच्या दृष्टीने ते टिकत नाही. माणुसकीच्या दृष्टीने मला ते सरळ अन्यायाचे वाटते. त्या नावातली लाज त्या मुलाची नव्हती आणि त्याच्या पायांचीही नव्हती. ती कित्येक पिढ्यांनंतर त्याची कथा वाचणाऱ्यांच्या आणि उतरवून घेणाऱ्यांच्या मनातली होती, तीही वेगळ्याच कारणाने.

आधी कालक्रम पाहू. २ शमुवेल ४:४ प्रमाणे इज्रेलच्या बाजूने शौल आणि योनाथान पडल्याची बातमी आली तेव्हा हा मुलगा पाच वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली, घाईत तो पडला आणि अधू झाला. म्हणजे नाव ठेवले गेले तेव्हा तो धडधाकट होता आणि त्याचा आजा राजा होता. राजाच्या थोरल्या मुलाने आपल्या मुलाचे नाव ‘लाज’ या अर्थाचे ठेवावे याला कथेत काहीच आधार नाही. कुणी म्हणेल, आपल्याकडे मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवत, तसे हे असेल. पण तशी नावे घरचे लोक पाळण्यातच ठेवतात. इथे बोशेथ असलेल्या प्रत्येक नावाला बआल असलेले जुळे नाव आहे, आणि त्या माणसांपैकी गिदोन मनश्शे वंशाचा, बाकीचे दोघे बन्यामिनी. गिदोनाला तर कथेनुसार ते नाव मोठेपणी मिळाले. वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या काळांत घडलेला एवढा नेमका योगायोग मानण्यापेक्षा हा बदल लिहिण्या-वाचण्याच्या परंपरेत झाला असे मानणे सयुक्तिक आहे.

ही उपपत्ती प्राच्यविद्येत रुजवणाऱ्यांत आब्राहाम गायगर हे नाव ठळक आहे. जर्मन प्राच्यविद्या संस्थेच्या नियतकालिकात १८६२ मध्ये त्यांनी हिब्रू विशेषनामांतील बआल या विषयावर लेख लिहिला. पुढे युलिउस वेलहाउझेन यांनी १८७१ मधल्या शमुवेलाच्या पाठचिकित्सेत हाच धागा पुढे नेला. युक्तिवाद असा: बदलाची दिशा उलट असू शकत नाही. मूळ नावात ‘लाज’ असताना नंतर तिथे निषिद्ध दैवताचे नाव घालण्याचे कारण कोणत्याही धर्मनिष्ठ लेखनिकाला नव्हते. निषिद्ध शब्द काढून तुच्छतेचा शब्द घालण्याला मात्र कारण होते. निर्गम २३:१३ मध्ये तर इतर देवांचे नावही तोंडातून ऐकू येऊ नये असा स्पष्ट दंडक आहे.

संदेष्ट्यांच्या पुस्तकांत हा बदल अर्थासह उलगडतो. यिर्मया ११:१३ मध्ये यरुशलेमच्या रस्त्यांइतक्या वेद्या ‘बोशेथ’साठी उभारल्याचे म्हटले आहे आणि त्याच वाक्यात लगेच त्या बआलसाठी धूप जाळण्याच्या वेद्या असल्याचे सांगितले आहे. दोन शब्द एकाच ओळीत, एकाच दैवतासाठी. होशेय ९:१० मध्येही बआल-पौराकडे गेलेल्या लोकांनी स्वतःला बोशेथला वाहून घेतले असे येते. म्हणजे बोशेथ हे बआलचे टोपणनाव म्हणून आधीच रूढ होते. शमुवेलाच्या लेखनिकांनी ते नव्याने घडवले नाही, हाताशी होते ते वापरले.

सर्वांत बोलका पुरावा मला ग्रीक अनुवादात दिसतो. कार्मेल डोंगरावरच्या प्रसंगात, १ राजे १८:१९ आणि १८:२५ मध्ये, हिब्रूत ‘बआलचे संदेष्टे’ आहेत. जुन्या ग्रीक अनुवादात तिथे ‘लाजेचे संदेष्टे’ आहे. आणखी एक बारकावा असा की ग्रीक बायबलात अनेक ठिकाणी ‘बआल’ हा पुल्लिंगी देव स्त्रीलिंगी उपपदासह येतो. रोमकरांस पत्राच्या ११:४ मध्ये पौलानेही तसेच लिहिले आहे. व्याकरणाची ही विसंगती एका गोष्टीने सुटते: ग्रीकमध्ये ‘लाज’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. पानावर ‘बआल’ लिहिलेले, पण वाचणारा मोठ्याने ‘लाज’ म्हणे, आणि त्या उच्चाराचे लिंग लिखाणात उतरले. देवाचे चार अक्षरी नाव लिहिलेले असताना यहुदी वाचक ‘अदोनाय’ म्हणत, त्याच जातीची ही प्रथा. यावरून असे दिसते की बदल आधी तोंडात झाला असावा आणि मग काही हस्तलिखितांत शाईने पक्का झाला.

हे लक्षात घेतले की पुढची अडचण सुटते. कुणी अधिकारी व्यक्तीने ठरवून बायबलभर बआल खोडले असते तर ते एकसारखे खोडले गेले असते. प्रत्यक्षात तसे नाही. शास्त्यांच्या पुस्तकात यरुब्बआल तसाच राहिला. त्याहून विशेष म्हणजे १ शमुवेल १२:११ मध्येही यरुब्बआल आहे, आणि त्याच ग्रंथपरंपरेच्या दुसऱ्या भागात तो यरुब्बेशेथ झाला. दावीदाच्या एका मुलाचे नाव १ इतिहास १४:७ मध्ये बएल्यादा आहे, म्हणजे ‘बआल जाणतो’. २ शमुवेल ५:१६ मध्ये तो एल्यादा झाला, म्हणजे ‘देव जाणतो’. इथे शिवी न घालता लेखनिकाने सौम्य पर्याय घेतला. अनेक हात, अनेक पिढ्या आणि प्रत्येकाची सोशिकता वेगळी, असे हे चित्र आहे. इतिहासाचे पुस्तक शमुवेलानंतरचे असूनही त्यात जुनी नावे का राहिली, याचेही उत्तर यात आहे. इतिहासकाराच्या हाती असलेल्या प्रतीत हा बदल अजून झालेला नव्हता. जी शमुवेलाची संहिता नंतर प्रमाण ठरली, तिच्यात तो झाला.

या उपपत्तीला गंभीर आव्हान १९७५ मध्ये मतित्याहू त्सेवात यांनी दिले. त्यांचे म्हणणे असे की या नावांतील बोशेथ म्हणजे लाज नव्हेच. अक्कादी भाषेत ‘बाश्तु’ असा शब्द आहे, त्याचा अर्थ प्रतिष्ठा, तेज, रक्षण करणारी शक्ती, आणि तो अक्कादी विशेषनामांत येतो. तेव्हा ईशबोशेथ म्हणजे ‘तेजाचा माणूस’ असे खरेखुरे नाव असू शकते. ही सूचना मोहक आहे आणि तिने अभ्यासकांना सावध केले, हे तिचे मोल. पण प्रत्येक बोशेथला बआलचे जुळे का आहे, हे तिला सांगता येत नाही. बएल्यादा आणि एल्यादा या जोडीला तर ती स्पर्शच करत नाही. म्हणून मी गायगरांच्या बाजूचा आहे. मात्र ‘लेखनिकांनी ठरवून केलेली मोहीम’ हा भाग मी सोडून देतो.

आता आपल्या नावाची खरी गाठ. बआल काढून बोशेथ घातला तर मरीब्बआलचे ‘मरीब-बोशेथ’ व्हायला हवे होते. ते मफीबोशेथ का झाले? ‘मफी’चा अर्थ नक्की नाही. एक व्युत्पत्ती ‘तोंड’ या अर्थाच्या हिब्रू शब्दाकडे नेते. मग मूळ ‘मिप्पी-बआल’, म्हणजे ‘बआलच्या मुखातून’, देवाच्या वचनाने मिळालेले मूल, असा अर्थ होतो. दुसरी व्युत्पत्ती ‘उधळणे, तुकडे करणे’ या क्रियेशी जोडते, पण त्या धातूचा वापर इतका विरळ आहे की तिच्यावर भार टाकवत नाही. ‘मरीब’मध्ये ‘वाद घालणे, बाजू लढवणे’ हा धातू दिसतो, तेव्हा अर्थ ‘बआल बाजू लढवतो’. मात्र १ इतिहास ९:४० मध्ये एकाच वचनात हे नाव दोन प्रकारे लिहिले आहे, एकदा मरीब्बआल आणि लगेच मरीबआल. दुसरे रूप खरे धरले तर ‘मारी’ म्हणजे ‘माझा स्वामी’ हा अर्थही शक्य आहे.

मफी आणि मरीब यांचा गोंधळ समजण्यासाठी कथेतील दुसऱ्या मफीबोशेथाकडे वळावे लागते. २ शमुवेल २१ मध्ये शौलाला रिस्पापासून झालेला एक मुलगा याच नावाचा आहे, आणि दावीद त्याला गिबोनकरांच्या हवाली करतो. लगतच्याच वचनात दावीद योनाथानाच्या मफीबोशेथाला वाचवतो. एकाच घरात काका आणि पुतण्या एकाच विरळ नावाचे असणे अशक्य नाही, पण संशय घेण्याजोगे आहे. ग्रीक हस्तलिखितांतील लुसियानी परंपरेत मफीबोशेथाच्या जागी ‘मम्फीबआल’ असे रूप सापडते. दुसऱ्या काही ग्रीक प्रतींत तर ईशबोशेथालाही मफीबोशेथ म्हटले आहे. या पाठभेदांवरून मला असे वाटते की मुळात शौलाचा मुलगा मफीबआल आणि योनाथानाचा मुलगा मरीब्बआल अशी दोन वेगळी नावे होती. दोन्हींच्या शेवटी बोशेथ आला, दोन्ही ‘म’ने सुरू होत होती, आणि नकला करता करता पुतण्याने काकाचे नाव उचलले. हे सिद्ध झालेले नाही, पण उपलब्ध पाठभेदांचा याहून नेटका उलगडा मला दिसत नाही.

मग शौलाच्या घरात बआल आलाच कसा? शौल बआलभक्त होता असे शमुवेलाचे पुस्तक कुठेही म्हणत नाही. त्याच्यावर दोषारोप पुष्कळ आहेत, पण हा नाही. उलट त्याच्या थोरल्या मुलाचे नाव योनाथान, म्हणजे ‘यहोवाने दिला’. त्याच बापाने दुसऱ्या मुलाचे नाव एशबआल ठेवले, आणि त्या योनाथानाने आपल्या मुलाचे मरीब्बआल. दावीदाच्या घरातही बएल्यादा होताच. पलिष्ट्यांवर विजय मिळाल्यावर, पाण्याच्या लोंढ्यासारखे यहोवाने शत्रूला फोडले असे सांगून दावीद त्या जागेला बआल-परासीम म्हणतो (२ शमुवेल ५:२०). इथे ‘बआल’ यहोवाच आहे, याबद्दल वाचकाला शंका राहत नाही. दावीदाला येऊन मिळालेल्या बन्यामिनी योद्ध्यांच्या यादीत बआल्या नावाचा माणूस आहे, त्याच्या नावाचा सरळ अर्थ ‘यहोवा हाच बआल’. ‘स्वामी’ ही पदवी त्या काळी इस्राएलच्या देवाला बिनदिक्कत लावली जात होती. तेव्हा मरीब्बआल या नावाचा त्या घरातला अर्थ ‘आमचा स्वामी आमची बाजू लढवतो’ असा असणार. लढाईत आयुष्य काढणाऱ्या योनाथानाने मुलासाठी असे नाव निवडावे यात नवल नाही.

उत्खननांनी या विचाराला मातीतला आधार दिला आहे. यरुशलेमच्या नैर्ऋत्येला एला खोऱ्यावर खिर्बेत कियाफा हे तटबंदीचे ठिकाण आहे. तिथे योसेफ गार्फिंकेल आणि सार गानोर यांच्या उत्खननात २०१२ मध्ये एका रांजणाचे शेकडो तुकडे मिळाले. ते जुळवल्यावर खांद्याजवळ कोरलेली अक्षरे दिसली: ‘एशबआल, बेदाचा मुलगा’. अक्षरे कनानी लिपीतली असून रांजण भाजण्यापूर्वी ओल्या मातीत ओढलेली आहेत. म्हणजे भांडे घडत असतानाच त्याच्यावर मालकाचे नाव घातले गेले. २०१५ मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला. काळ इ. स. पू. अकराव्या शतकाची अखेर ते दहाव्याचा आरंभ, म्हणजे ज्या पिढ्यांत शमुवेलाची कथा घडते त्याच. हा एशबआल शौलाचा मुलगा नव्हे, त्याचा बाप वेगळा आहे. पण हे नाव त्या काळी चालू होते, इतके निश्चित झाले. २०२१ मध्ये लाखीशजवळच्या खिर्बेत अल-राई इथल्या एका छोट्या सुरईच्या तुकड्यांवर शाईने लिहिलेले ‘यरुब्बआल’ प्रसिद्ध झाले. तो काळ इ. स. पू. ११०० च्या सुमाराचा आहे.

पण आपल्या विषयाशी सर्वांत जवळचा पुरावा याच्या कितीतरी आधी मिळाला होता. १९१० मध्ये हार्वर्डच्या उत्खननात उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन इथल्या राजवाड्याच्या आवारातून शाईने लिहिलेल्या खापऱ्या निघाल्या. इ. स. पू. आठव्या शतकातल्या या सरकारी नोंदी आहेत: कोणत्या वर्षी, कोणत्या गावाहून, कुणाच्या नावे माल आला. जुना द्राक्षारस आणि निवळ तेल यांचे उल्लेख त्यांत वारंवार येतात. दुसऱ्या क्रमांकाच्या खापरीवर दहावे वर्ष, गद्दियाव हा स्वीकारणारा, अज्जा हे गाव, आणि खाली माणसांची नावे आणि आकडे आहेत: अबीबआल दोन, आहाज दोन, शेबा एक, मरीबआल एक. बायबलबाहेर हे नाव असे एका हिशेबनिसाच्या हातचे सापडते, आणि त्याच खापरीवर गद्दियावच्या नावाचा शेवट यहोवाच्या नावाने होतो. हिशेब लिहिणाऱ्याला दोन्ही नावे सारखीच रोजची होती.

याच शतकात वारे फिरू लागले होते. तिथला राजा आहाब आणि त्याची राणी ईजबेल यांच्या काळापासून बआल हे नाव तूरहून आलेल्या परक्या पंथाशी जोडले गेले होते, आणि ‘स्वामी’ ही साधी पदवी दूषित झाली होती. शोमरोनच्याच राज्यातल्या होशेयाने (२:१६) तोडगा काढला: त्या दिवशी तू मला ‘माझा पती’ म्हणशील, ‘माझा बआल’ म्हणणार नाहीस. हिब्रूत दोन्ही शब्द नवऱ्यासाठी चालतात. म्हणूनच या वचनातून दिसते की यहोवाला ‘बआल’ म्हणणारे लोक तोवर होते. दक्षिणेच्या यहूदात आठव्या-सातव्या शतकांतील मुद्रा आणि त्यांचे ठसे मोठ्या संख्येने मिळाले आहेत, त्यांत यहोवायुक्त नावांची रेलचेल आहे आणि बआलयुक्त नाव जवळजवळ नाही. नाव ठेवण्याची रीतच बदलली. यानंतर जुन्या कथा वाचणाऱ्याला राजघराण्यातली ही नावे खुपू लागली असतील तर ते समजण्यासारखे आहे.

नुकसान मात्र कथेतल्या माणसाचे झाले. बदललेले नाव पुढच्या वाचकांनी त्याच्या आयुष्याची किल्ली मानले. तालमूदातील बराखोत ग्रंथात (४अ) नावाची फोड अशी केली आहे की हा दावीदाचा गुरू होता आणि धर्मनिर्णयांत दावीदाला लाजवत असे. ही फोड भाषिक नाही, पण तिच्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: त्या पंडितांनी लाज अधू माणसाच्या अंगावर टाकली नाही, राजाच्या अंगावर टाकली. आणि कथा वाचली तर त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. दावीदाचा मुलगा अबशालोम याच्या बंडात मरीब्बआलचा सीबा नावाचा चाकर दोन लादलेली गाढवे घेऊन दावीदाला वाटेत गाठतो, धनी राज्य मिळवण्याच्या आशेने मागे राहिला अशी चुगली करतो, आणि दावीद चौकशी न करता धन्याची सारी मालमत्ता चाकराला देऊन टाकतो. दावीद परततो तेव्हा मरीब्बआल समोर येतो. राजा गेल्या दिवसापासून त्याने पायांची निगा राखलेली नाही, दाढी कातरलेली नाही, कपडे धुतलेले नाहीत. इतक्या दिवसांचा हा शोक ऐन वेळी सोंग घेऊन दाखवता येत नाही, आणि कथाकाराने हा तपशील त्याच्या बाजूचा साक्षीदार म्हणूनच ठेवला आहे. चाकराने फसवले, मी पांगळा, एकटा निघू शकलो नाही, असे तो सांगतो. दावीद निकाल देतो: जमीन दोघांनी वाटून घ्या. तो म्हणतो, सगळी त्यालाच घेऊ द्या, राजा सुखरूप परतला हे पुरे. शब्बाथ ग्रंथात (५६ब) यावर म्हटले आहे की दावीदाने ती वाटणी उच्चारली तेव्हाच आकाशवाणी झाली, रहबाम आणि यराबाम हे राज्य वाटून घेतील. राज्याच्या फाळणीचे मूळ तालमूदाने या अन्यायात शोधले.

मरीब्बआल हे नाव वाचले कशामुळे, याचा माग १ इतिहासाच्या आठव्या अध्यायात आहे. तिथे कथा नाही, फक्त नावे आहेत. मरीब्बआलचा मीखा, मीखाची चार मुले, त्यांपैकी आहाजाचा वंश, आणि असे पिढ्यान्‌पिढ्या जात उलामाच्या मुलांपर्यंत. ही मुले शूर तिरंदाज होती आणि मुले-नातवंडे मिळून त्यांची संख्या १५० होती असे यादी सांगते. शौलाच्या मागे राज्य उरले नव्हते, तरी इतक्या पिढ्यांची नोंद कुणीतरी सांभाळली. माझ्या मते ही बन्यामिनातल्या त्या कुळाचीच यादी असली पाहिजे, आणि इतिहासकाराने ती जशी मिळाली तशी घेतली. राजदरबाराच्या कथेत वाचकांनी पूर्वजाचे नाव बदलले. ज्यांचा तो पूर्वज होता त्यांनी योनाथानाने ठेवलेलेच नाव यादीत राखले.